आधी हाक, मग गाठोडं

नळाला पाणी होतं. पिंप अर्धं भरलं होतं, गॅसवर भात चढवला होता आणि मी मोरीत बसून मुलीचा शाळेचा युनिफॉर्म चोळत होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "मोहनराव! हाय का घरात?"

मोहनराव म्हणजे माझे यजमान, मोहन मेहेर.

"बाहेर गेलेत," मी मोरीतूनच सांगितलं. हात साबणाचे होते, आणि हे उत्तर तेव्हा तोंडात तयारच असायचं.

"कधी येतील?"

मी युनिफॉर्म पिळून बादलीत टाकला.

"मग बसतो मी," बाहेरचा आवाज म्हणाला. "त्यांना घेऊनच कारखान्यात जातो. तिथलं जोडकाम आम्ही दोघांनी केलंय. त्यांच्याशिवाय हात लावणं बरं नाही."

मी कपडे वाळत घातले. भात उतरवला. मुलीचा डबा भरला, वेणी घातली, तिला शाळेत धाडलं. ती जाताना पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी पाय आवरून घेतले आणि म्हणाले, "नीट जा हो, रस्त्यावर ट्रक असतात." मी भांडी घासली. घासायला काही उरलं नाही तेव्हा हात पुसून दाराशी गेले. चष्मा लावलेले एक सडपातळ गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीतून अडकित्त्याची मूठ बाहेर आलेली.

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. "वारले. गणपती झाल्यावर."

ते उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "मी नाशिकला कामावर होतो, वहिनी. मला कुणी कळवलं नाही."

"ड्युटीवर होते. छातीत कळ आली."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या मशीनवर आता कोण बसतं?"

"मी."

"मग माझं काम तुमच्याकडेच आहे," ते म्हणाले. "चला."

श्री. भालचंद्र चुरी यांची आणि माझी ओळख ही अशी झाली. बोईसर, तारापूर आणि पालघर भागात ज्यांना सगळे नुसते 'चुरी सर' म्हणतात, त्यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि मलाही लिहायला सांगितलं. यात मोठ्या पदांवरच्या माणसांचे लेख असतील. माझं शाळेचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं जे काही झालं ते वाचून झालं. त्यामुळे मला सजवून लिहिता येणार नाही. सरांकडून मी काय शिकले आणि कसं शिकले, तेवढं सांगते.

सरांचं मूळ गाव केळवे. घरची नारळ-सुपारीची वाडी. वडिलांना वाटायचं, एकुलता एक मुलगा वाडी बघेल. सर मुंबईला शिकले, तिथे मोठ्या मशीनांवर नोकरी केली आणि मग सगळ्यांना चकित करून परत आले. बोईसर स्टेशनजवळ एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी संगणकाचा वर्ग काढला. खाली पातेली आपटत असायची आणि वर सर शिकवत असायचे. कारखान्यांत तेव्हा नुकते संगणक येऊ लागले होते. ते एकमेकांना जोडायचे झाले की सरांना बोलावणं यायचं. अडकित्ता त्यासाठीच. तारेवरचं रबर सोलायला सरांना दुसरं कुठलं हत्यार मानवत नाही. वाडीतलं हे एवढंच आपल्या हाताला आलं, असं म्हणून ते वडिलांना चिडवायचे.

आमच्या कारखान्याची दोन युनिटं होती. मधून रस्ता. माझी खुर्ची पहिल्या युनिटात, जिथे माल तयार व्हायचा. वजनकाटा दुसऱ्या युनिटाच्या फाटकाशी. ट्रकमध्ये काय माल भरला, कोणाचा, कुठे जायचा, हे मी माझ्या संगणकावर भरायचं आणि ती चिठ्ठी पलीकडे काट्याच्या संगणकावर छापून निघायची. चिठ्ठी हातात आल्याशिवाय काट्यावरचे यादव ट्रक सोडायचे नाहीत.

हे काम आधी ह्यांचं होतं. हे गेल्यावर कंपनीने मला ह्यांच्या जागी घेतलं, पण बघून, जमतं का ते पाहण्यापुरतं. नोकरीबरोबर कॉलनीतली खोली होती. नोकरी टिकली तर खोली, खोली टिकली तर मुलीची दहावी बोईसरला. नाहीतर दांडीला, माझ्या माहेरच्या गावी, भावाच्या घरी परत जायचं होतं. भाऊ नको म्हणाला नसता. पण त्याच्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दांडीहून ही शाळा रोजच्या येण्याजाण्याची नव्हती.

सुरुवातीचे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस काट्याचा संगणक बंद पडला. समुद्राच्या हवेने त्यातलं जोडणीचं कार्ड गंजलं होतं. विकणाऱ्याचा माणूस आला, नवीन कार्ड बसवून गेला. त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठ्या पलीकडे पोचेनात.

मी बटणं दाबत होते, पडद्यावर काही चूक दिसत नव्हती, आणि पलीकडे कोरा कागद. मी चिठ्ठ्या हाताने लिहून पलीकडे पाठवू लागले. रस्त्यावर ट्रकांची रांग लागायची. ड्रायव्हर ओरडायचे. यादव इंटरकॉमवर म्हणायचे, "भाभीजी, मशीन को थोड़ा प्यार से दबाओ!"

"तुमीच येऊन दाबा," मी म्हणायचे.

आमचे अधिकारी सावंत साहेब. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी दोनदा सगळं तपासून घेतलं होतं. पलीकडचे बाकीचे संगणक काट्याशी नीट बोलत होते. माझ्या खोलीतून पलीकडच्या स्टोअरला माहिती नीट जात होती. सगळी मशीनं बंद करून पुन्हा चालू करून झाली होती. बिघाड होता तो फक्त माझ्यापासून काट्यापर्यंत. "मेहेरबाई," ते म्हणाले, "तिकडचं चालू, इकडचं चालू, अडलंय ते तुमच्याच कामात. मी वर काय सांगू? सोमवारी मोठे साहेब येतायत. तोवर झालं नाही तर मला दुसरा माणूस बसवावा लागेल." आणि त्यांनीच चुरी सरांच्या वर्गात निरोप ठेवला होता. सर नाशिकहून आले ते तो निरोप घेऊन, ह्यांना बोलवायला आमच्या पायरीवर.

कारखान्यात शिरल्यावर सर आधी माझ्या खोलीत आले. सावंत साहेब सगळी हकिगत सांगू लागले, तर सर म्हणाले, "थांबा. जी रोज बसते ती सांगेल." मी सांगितलं. त्यांनी मध्ये बोलून मला एकदाही थांबवलं नाही. मग स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं माहेर कुठलं?"

मला वाटलं, हे आता धीर द्यायला लागणार. म्हटलं, "दांडी."

"दांडीत बाहेरगावचा माणूस आला, त्याला यमुनाबाईंचं घर माहीत नाही. तो काय करतो?"

"पाड्याच्या तोंडाशी उभा राहून हाक मारतो. यमुनाबाय कोन हाय गो?"

"मग?"

"मग सगळ्या ऐकतात. जी यमुना ती म्हनते, मी हाय, काय काम हाय? बाकीच्या सुकट निवडत बसतात."

सर हसले. "आणि केळव्याला तुमचं कोणी आहे?"

"बहीण दिलीय."

"तिला सुकट पाठवायची तर दांडीच्या पाड्यात उभ्या राहून तिच्या नावाने हाक मारता?"

"खुळी हाय का मी?" माझ्या तोंडून गावचं बोलणं निघून गेलं. सावंत साहेब बघायला लागले. पण मी बोलत राहिले. "केळव्याची हाक दांडीत कोन ऐकनार? मी एसटीवर जाते. कंडक्टर कोन हाय ते बघते. गाठोडं त्याच्या हातात देते. पालघर स्टँडला तो ते केळव्याच्या कंडक्टरला देतो."

"गाठोड्यावर नाव कंडक्टरचं लिहिता?"

"नाय. बहिणीचं. नाव बहिणीचं, हात कंडक्टरचा."

"संपलं," सर म्हणाले. "संगणक याहून जास्त काही करत नाहीत. आधी हाक, मग गाठोडं."

आणि त्यांनी पुढचं समजावलं. ते मी आज नव्या मुलींना जसं सांगते तसं इथे लिहिते. प्रत्येक संगणकाला एक पत्ता आपण देतो. त्या पत्त्याच्या पहिल्या भागात पाडा असतो आणि शेवटी घर. पण तारेला हा पत्ता कळत नाही. तार ओळखते तो कार्डाच्या अंगावरचा नंबर. तो कार्ड बनवतानाच त्याच्यावर उठवलेला असतो आणि प्रत्येकाचा वेगळा. म्हणून चिठ्ठी पाठवण्याआधी संगणक हाक मारतो, हा पत्ता कोणाकडे आहे? हाक पाड्यातले सगळे ऐकतात. ज्याचा पत्ता तो एकटा उत्तर देतो, माझ्याकडे आहे, माझ्या अंगावरचा नंबर अमुक. मग चिठ्ठी त्या नंबरावर जाते. दर वेळी हाक मारायला नको म्हणून संगणक ते उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतो, नंतर विसरतो आणि पुन्हा विचारतो.

पण पत्ता दुसऱ्या पाड्याचा असेल तर हाक मारून उपयोग नाही. हाक पाड्याची हद्द ओलांडत नाही. मग संगणक पाड्याच्या दरवाजाला हाक मारतो, त्याचा नंबर मिळवतो आणि चिठ्ठी त्याच्या हातात देतो. चिठ्ठीवर पत्ता मात्र शेवटच्या घराचाच राहतो. दरवाजाचा एक पाय या पाड्यात, एक त्या पाड्यात. तो पलीकडच्या बाजूला तोंड करून पुन्हा हाक मारतो आणि चिठ्ठी ज्याची त्याला पोचवतो.

आमच्या दोन युनिटांमधला दरवाजा म्हणजे दोन कार्डं बसवलेला एक संगणक होता. टाइम ऑफिसच्या भिंतीत एका कपाटात ठेवलेला. तो बांधला होता ह्यांनी, सरांच्या हाताखाली. हे घरी येऊन सांगायचे, "आज दरवाजा बसला." मला वाटायचं, सुतारकाम काढलंय कारखान्याने.

हे सगळं सांगून झाल्यावर सरांनी मला बरोबर घेतलं. माझ्या मशीनवरून त्यांनी काट्याला हाक मारली, म्हणजे नुसती 'आहेस का?' असं विचारणारी चाचणीची चिठ्ठी पाठवली; सर तिलाही हाकच म्हणतात. उत्तर नाही. स्टोअरला मारली, लगेच उत्तर आलं. म्हणजे माझं मशीन बरं होतं आणि दरवाजाही चालत होता. मग आम्ही कपाटाशी गेलो. दरवाजावरून काट्याला हाक मारली. उत्तर नाही. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि स्टोअरच्या मशीनवरून काट्याला हाक मारली. उत्तर आलं.

"देखिए साहब," यादव छाती काढून म्हणाले, "मेरा काँटा तो ज़िंदा है!"

"आहे," सर म्हणाले. "पण पाड्यातल्या सगळ्यांना तो सापडतो आणि एकट्या दरवाजाला सापडत नाही. यादवजी, पुराना कार्ड फेंक दिया क्या?"

यादवांनी ते टाकलं नव्हतं. टेबलावरचे कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून ते कागदांवर ठेवलं होतं. सरांनी ते अडकित्त्याच्या टोकाने खरवडलं, गंजाखालचा नंबर वाचला आणि आम्ही परत कपाटाशी आलो. दरवाजाने काय काय लक्षात ठेवलंय ते सरांनी पडद्यावर आणलं. काट्याच्या पत्त्यापुढे नंबर होता तो सरांच्या हातातल्या कार्डाचा.

"हे बघा," सर म्हणाले. "तुमची प्रत्येक चिठ्ठी इथपर्यंत बिनचूक आली. दरवाजा ती पुढे पाठवतोही आहे. पण ह्या मेलेल्या कार्डाच्या..." आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोला सर," मी म्हटलं. "मेलेलंच आहे ते."

"मेलेल्या कार्डाच्या नंबरावर," त्यांनी वाक्य पुरं केलं.

मी विचारलं, "पण तुम्ही म्हणालात, संगणक थोड्या वेळाने विसरतो आणि पुन्हा हाक मारतो. हा का विसरला नाही?"

सर म्हणाले, "बरोबर प्रश्न." ही त्यांची शाबासकी असते, हे मला पुढे कळलं. त्यांनी दरवाजा सुरू होताना जी फाइल वाचतो ती उघडली. त्यात एक ओळ होती. काट्याचा पत्ता, त्यापुढे जुन्या कार्डाचा नंबर, कायमचा म्हणून सांगून ठेवलेला. सांगून ठेवलं की संगणक विचारत नाही आणि विसरतही नाही. बंद करून चालू केला तरी ती ओळ तो पुन्हा वाचतो. त्या ओळीच्या वर इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा होता: 'काटा उत्तर उशिरा देतो. त्याला विचारत बसू नये. नंबर पक्का केला आहे. मोहन.'

ह्यांचं बोलणं असंच होतं. भाजीवाल्याशीसुद्धा.

"जुनं कार्ड तेव्हापासूनच खराब होत आलं असणार," सर म्हणाले. "हाकेला उत्तर द्यायचंच नाही कधी कधी. ट्रक अडायचे. मोहनरावांनी त्यावर हा उपाय केला. त्या दिवशी तो बरोबर होता." मग त्यांनी खुर्ची सरकवली. "ही ओळ काढावी लागेल, वहिनी. मी काढू, की तुम्ही काढता?"

मी तो शेरा पुन्हा वाचला. सरांनी घाई केली नाही. बाहेर ट्रकचे भोंगे चालू होते, सावंत साहेब दाराशी उभे होते, तरी ते नुसते बसून राहिले.

मी विचारलं, "ही काढली तर त्यांनी केलेलं काम जाईल का?"

"नाही," सर म्हणाले. "दरवाजा त्यांनी बांधलाय, तो राहील. फक्त आता तो विचारायला लागेल."

मी खुर्चीवर बसले आणि ओळ काढली. वरचा शेराही काढला. खोटा झालेला शेरा ठेवून काय करायचं? दरवाजा बंद केला, पुन्हा चालू केला. सरांनी मलाच हाक मारायला लावली. पहिल्या हाकेला उत्तर नाही. मी पुन्हा हाक मारली. दुसऱ्या हाकेला उत्तर आलं.

"तुमची पहिली हाक दरवाजाने काट्याचा नंबर विचारण्यात गेली," सर म्हणाले. "ते चांगलं लक्षण आहे. त्याने विचारलं."

मी माझ्या खोलीत जाऊन उभ्या असलेल्या ट्रकची चिठ्ठी भरली. इंटरकॉमवर यादवांचा आवाज सगळ्या मजल्याने ऐकला, "आ गयी! भाभीजी, पर्ची आ गयी! अब मैं आपको किस बात पर चिढ़ाऊँ?"

"दुसरं काहीतरी शोधा," मी म्हटलं.

सावंत साहेबांनी सरांना विचारलं, "म्हणजे चूक कोणाची? मला वर सांगावं लागेल."

सर अडकित्ता पिशवीत ठेवत होते. म्हणाले, "वहिनींची नाही. मोहनरावांची नाही. कार्ड बसवणाऱ्याचीही नाही. काट्याचं कार्ड बदललं हे दरवाजाला कुणी सांगितलं नाही, एवढंच. आणि असं सांगा की ह्या बाईंनी दुरुस्त केलं. ते खरं आहे, मी पाहिलंय." सावंत साहेबांनी तसंच सांगितलं, हे मी त्यांच्याबद्दलही लिहिलं पाहिजे. सोमवारी मोठे साहेब आले, माझ्या मागे उभे राहून एक चिठ्ठी जाताना पाहिली आणि गेले. नोकरी राहिली. खोली राहिली. मुलगी त्याच शाळेतून दहावी झाली.

पुढे मी सरांच्या वर्गाला जाऊ लागले. संध्याकाळी पाळी संपल्यावर आम्ही काही बायका भांड्यांच्या दुकानाच्या जिन्याने वर जायचो. सरांचा एक नियम होता. नवीन गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगता आली पाहिजे, त्याचं पुस्तकातलं नाव नंतर. डहाणूकडची एक मुलगी तिच्या पाड्यावरच्या शब्दांत सांगायची, उत्तर प्रदेशातून आलेले फिटर हिंदीत सांगायचे, मी दांडीचं सांगायचे. सर सगळ्यांना "मग पुढे?" असं विचारत राहायचे. कुणी पुस्तकातलं नाव पाठ करून आलं की सर शांतपणे म्हणायचे, "नाव कळलं. आता हाक मारून दाखवा." त्यांच्यामुळे 'हाक' हा शब्द आमच्या भागातल्या कारखान्यांत रूढ झाला. आजही रात्रपाळीचा माणूस मशीनशी खटपट करताना म्हणतो, "हाक लागत नाय." तो कदाचित सरांना कधी भेटलाही नसेल.

सर रागावतातही. एका मोठ्या कारखान्यात त्यांच्या एका विद्यार्थ्याने घाईत दोन संगणकांना एकच पत्ता दिला. हाक मारली की दोघेही "मी आहे" म्हणायचे. दिवसभर माहिती कधी इकडे, कधी तिकडे. सर गेले, दुरुस्त केलं, आणि त्या मुलाला मालकासमोर काही बोलले नाहीत. जिन्यावर आल्यावर मात्र म्हणाले, "एका हाकेला दोन घरांनी ओ दिली की पाहुणा उपाशी राहतो, कळलं का रे?" तो आज स्वतः जोडकामं घेतो. त्याचाही लेख या ग्रंथात असेल. त्याने ही गोष्ट लिहिली नसेल तर मी लिहिली.

सरांचं आणखी एक सांगायचं. मला वाचायचा नाद आहे, हे त्यांनी माझ्या टेबलावरच्या पुडीच्या कागदावरून ओळखलं. शेंगदाणे खाऊन मी कागद उलगडून वाचत होते. पुढच्या खेपेला त्यांनी केळव्याच्या वाचनालयातलं एक पुस्तक आणलं. मग दुसरं. पुस्तक परत देताना ते कधीच "आवडलं का?" असं विचारत नाहीत. "काय पटलं नाही?" असं विचारतात. पहिल्यांदा मी गोंधळले. पुस्तकातलं न पटण्याचा मला हक्क आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी न पटलेलं आधी शोधते, आणि त्यामुळे जे पटतं ते पक्कं लक्षात राहतं. सरांच्या पत्नी, आमच्या नलिनीताई, म्हणतात, "तुम्ही दोघं बोलायला लागलात की माझा चहा निवतो." त्यांनी त्या चहाचे किती कप आम्हाला पाजलेत, त्याचं ऋण वेगळंच आहे.

ह्यांच्याबद्दल सर माझ्याशी फार बोलले नाहीत. पण जोडकामात कुठे दरवाजा बसवायचा असला की विद्यार्थ्यांना सांगतात, "आपल्याकडे पहिला दरवाजा मोहनरावांनी बसवला." मी तिथे असले तरी सांगतात, नसले तरी सांगतात. मला हे दुसऱ्यांकडून कळलं.

सरांना साठ वर्षं झाली, तरी ते जिना चढताना हातात तारांचं वेटोळं घेऊनच येतात. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात, नलिनीताईंनी तंबी दिली आहे, तरी. माझी एवढीच इच्छा आहे की त्यांचे गुडघे बरे राहोत, डोळे शाबूत राहोत, केळव्याच्या वाडीला त्यांच्या हातचं पाणी मिळत राहो आणि "मग पुढे?" असं विचारणारा त्यांचा आवाज आम्हाला पुष्कळ वर्षं ऐकू येवो. नव्या मुली येत आहेत. त्यांनाही तो ऐकायचा आहे.

पहिल्या भेटीचं सांगत होते, ते पुरं करते. त्या दिवशी चिठ्ठ्या सुरू झाल्यावर सर निघून गेले. मी पाळी संपवून घरी आले, मुलीला काय झालं ते सांगितलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणी भरत होते. गॅसवाला सायकल लावून बाहेरून ओरडला, "मोहनशेठ हाय का घरात?"

मी बादली खाली ठेवली आणि दार उघडून बाहेर आले.

"ते वारले," मी म्हटलं. "मी हाय. सिलिंडर आत ठेव."